सायकलवाल्याला बिअर नाही

मला एक बिअर हवी आहे. एकच. कामावरून सायकलने घरी जाताना, साधारण निम्म्या वाटेत, एक गार बाटली आणि ती संपेपर्यंत बूड टेकायला जागा. पंखा असला तर उत्तम, नसला तरी चालेल. एवढी क्षुल्लक गोष्ट या इंदुरात मिळत नाही. ज्या शहरात रात्री एक वाजता सराफ्यात उभं राहून भुट्ट्याचा कीस खाता येतो, तिथे संध्याकाळी सात वाजता सभ्य माणसाला बसून बिअर पिता येत नाही. आज डोकं फिरलंय, त्यामुळे सगळं सांगणार.

रस्ता आधी समजून घ्या. विजयनगरहून निघायचं आणि राजेंद्रनगर गाठायचं, म्हणजे जवळजवळ सगळा एबी रोड. एलआयजी, पलासिया, गीता भवन, नवलखा, भंवरकुआं. मे महिन्यात सूर्य कलला तरी डांबर खालून भाजत असतं. बीआरटीएस, म्हणजे रस्त्याच्या मधोमध रेलिंग घालून बससाठी राखलेली लेन, होती तेव्हा कडेला सायकल ट्रॅक म्हणून जे काही होतं त्यावर कार उभ्या, ठेले उभे, सायकल तेवढी नाही. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने बीआरटीएस काढा म्हटलं, रातोरात तोडफोड सुरू झाली, फोटो काढून झाले, आणि अर्धवट काढलेल्या रेलिंगा महिनोन्‌महिने तशाच. त्यातून वाट काढत, मागून सिटी बसचा हॉर्न, पुढून राँग साइडने येणारा फोनवर बोलणारा बाइकवाला, असं करत गीता भवनपाशी पोचेपर्यंत बनियन पाठीला चिकटलेली असते आणि दातात धूळ कचकचते. लोक ‘शब-ए-मालवा’ म्हणत माना डोलावतात. मालव्याची रात्र गार असते, मान्य. पण मी घरी संध्याकाळी जातो.

तर अशा वेळी बिअर.

पूर्वी सोय होती. दारूच्या दुकानाला लागून बसून प्यायची जागा, अहाता असायचा. पत्र्याचं छप्पर, डुगडुगत्या प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलावर मिठाची डबी, उकडलेली अंडी, कांदा-शेव, चणे. वास यायचा, पंखा कुईकुई करायचा, टॉयलेटकडे बघायचं नाही. पण सायकल आत, आपल्या डोळ्यांसमोर, भिंतीला टेकवून ठेवता यायची. पोऱ्या बाटली आणून झाकण उडवून द्यायचा, शेजारी कुणी हमाल, कुणी वकील, कुणी पोरीच्या लग्नाचं टेन्शन घेऊन बसलेला बाप, कुणी कुणाला विचारायचं नाही. पंचवीस मिनिटांत मोकळे.

१ एप्रिल २०२३ पासून सरकारने राज्यातले सगळे अहाते बंद केले. अडीच हजारांहून जास्त होते म्हणे. त्याआधी माजी मुख्यमंत्री उमा भारतींनी भोपाळला दारूच्या दुकानात दगड भिरकावला होता, आंदोलनं झाली होती, निवडणूक तोंडावर होती, सगळं समजलं. पण बंद काय केलं ते बघा. दुकानं बंद केली? छे! महसूल येतो ना. उलट २०२२ पासून देशी आणि विदेशी एकाच दुकानात, बाहेर पाटी ‘कम्पोजिट मदिरा दुकान’. म्हणजे विकायची सगळी तयारी आहे. फक्त बसायचं नाही. दारू घ्या, पैसे द्या आणि इथून नाहीसे व्हा. कुठे प्यायची ते आम्हाला विचारू नका. रस्त्यावर प्यायलात तर पोलीस आहेतच.

आता दुकानाचंच सांगतो. लोखंडी जाळी, जाळीत हात जाईल एवढं भोक, भोकाशी एका वेळी चार हात. मी हेल्मेट काखेत धरून, सायकल मांडीला टेकवून उभा, कारण ती सोडली तर परत दिसेल याची खात्री नाही. नंबर आला की आतला म्हणतो, “ठंडी नहीं है भिया.” मागचा फ्रिज मला दिसतोय, काचेवर दव जमलेलं दिसतंय. “वो क्या है?” “वो चिल्ड है. बीस ऊपर लगेंगे.” छापील किमतीवर वीस रुपये, कशाचे? विजेचे? अरे, सिमरोळजवळ, इथून तासाभराच्या अंतरावर बिअर बनते आणि माझ्यापर्यंत येताना ती चहाइतकी गरम होते, आणि गार हवी तर लाच द्या. बिल मागितलं तर असा बघतो, जणू मी त्याची किडनी मागितली.

बरं, घेतली. वीस जास्त देऊन घेतली. आता ठेवू कुठे? बाटली सायकलच्या बॉटल केजमध्ये नीट बसत नाही, म्हणून कॅन. पाचशे मिलीचा कॅन केजमध्ये बसतो, अगदी मापाने बनवल्यासारखा. पण नवलख्याच्या खड्ड्यांवरून दहा मिनिटं तो कॅन खडखडत गेला की घरी उघडताना काय होतं ते सांगायला नको. अर्धा फेस टाइलवर, पाव शर्टावर, उरलेला कोमट. शिवाय चौकातल्या सिग्नलला शेजारच्या अ‍ॅक्टिवावरच्या काकू आधी कॅनकडे बघतात, मग माझ्या टकलाकडे, मग आकाशाकडे.

दुकानासमोर काय चाललेलं असतं? अहाते बंद झाले म्हणून पिणारे सुधारले का? कारवाले कारमध्ये पितात. सरळ हिशेब. एसी चालू, काळ्या काचा, डॅशबोर्डवर डिस्पोजेबल ग्लास, भुर्जीवाला खिडकीपाशी प्लेट आणून देतो, संपलं की ग्लास बाहेर रस्त्यावर. देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर! दोन-तीन पेग लावले की गाडी गिअरमध्ये टाकून हेच साहेब एबी रोडला लागतात, माझ्या मागे, हॉर्न वाजवत. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ आहे, शंभर मिली रक्तात तीस मिलीग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्या वेळी दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ते कलम मोटारवाल्यांसाठी आहे. सायकल मोटार वाहन नाही. म्हणजे ज्याच्यासाठी कायदा आहे त्याला प्यायला वातानुकूलित खोली, चाकं लावून. आणि ज्याच्या हातून फार तर स्वतःचेच गुडघे फुटतील त्याला ओटासुद्धा नाही. (दोन झाल्या तर मी सायकल हातात धरून चालत जातो. कुणी विचारायच्या आधी सांगून ठेवतो.)

“मग बारमध्ये जा ना.” हो, गेलो. ऐका.

रस्त्यावरचा बरा दिसणारा बार. बाहेर गार्ड, निळा युनिफॉर्म, कमरेला शिट्टी. समोर मोकळी फरशी, त्यावर तीन एसयूव्ही तिरक्या उभ्या. मी कोपऱ्यात, कुंडीच्या पलीकडे, जिथे कुत्रासुद्धा अडखळणार नाही अशा जागी सायकल लावली. शिट्टी. “ओ भिया, ये इधर नहीं चलेगी.” का? “गेस्ट की पार्किंग है.” मी कोण आहे? तो माझ्याकडे बघतो. पँटच्या डाव्या पायाला क्लिप, तोंड लाल, पाठीवर पिशवी. त्याच्या डोक्यात मी डिलिव्हरीवाला. “पार्सल का काउंटर पीछे है.” पार्सल नाही रे बाबा, मला आत बसायचंय. मग तो जरा ओशाळला, पण नियम तो नियम. वॅलेवाल्याला विचारलं, तर त्याच्या टोकनवर गाडीचा नंबर लिहावा लागतो. सायकलला नंबर नाही. नंबर नाही तर टोकन नाही, टोकन नाही तर पार्किंग नाही. शेवटी मागच्या गल्लीत, कचऱ्याच्या डब्यांशेजारी, गॅसच्या पाइपला साखळी घातली. आत जाऊन बसलो तर अर्धं लक्ष गल्लीत. पाइंटची किंमत दुकानातल्या तिप्पट. ते सोडा, बसायचे पैसे असतात, मला कबूल आहे. पण बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावलेला. २०२२ पासून ग्राहक प्राधिकरण सांगतंय की तो असा लावता येत नाही. काढायला लावला, तर वेटरने तोंड असं केलं की पुढच्या वेळी तो ग्लासात थुंकेल. बाहेर येऊन बघतो तर मागचा लाल दिवा गायब. चारशे रुपयांचा दिवा. गार्ड म्हणाला, “पीछे की जिम्मेदारी हमारी नहीं.” पुढे लावू देत नाहीत आणि मागची जबाबदारी घेत नाहीत!

शनिवारी तर दारातच अडवतात. “स्टॅग एंट्री नहीं है सर.” पन्नाशीला टेकलेला माणूस, कानावरचे केस पांढरे, आणि मी स्टॅग. बायकोला फोन करून बोलावू? “अगं ये, मला एक पाइंट प्यायची आहे, जोडीने यावं लागतं, सत्यनारायणासारखं.”

खरी मेख निराळी आहे. या शहराला दोनच सायकलवाले माहीत आहेत. एक तो, ज्याला सायकलशिवाय काही परवडत नाही: दूधवाला, वॉचमन, रंगारी. त्याला कुणी दारात उभं करत नाही. दुसरा तो, जो रविवारी पहाटे लाखभराची सायकल कारच्या टपावर बांधून सुपर कॉरिडॉरला नेतो, घट्ट कपडे घालतो, परत येऊन पोहे-जलेबी खातो आणि फोटो टाकतो. त्याच्यासाठी कॅफेवाले स्टँड लावतात. रोज कामाला सायकलने जाणारा, पैसे देऊन बसू इच्छिणारा माणूस मधे कुठेतरी असू शकतो, हे कुणाच्या गावी नाही.

आणि सल्ले. अहाहा! ऑफिसातला एक म्हणतो, सायकल चालवून बिअर पिता, मग फायदा काय? अरे, मी वजन कमी करायला नाही चालवत, घरी जायला चालवतो. दुसरी म्हणते, छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत जाऊन शिकंजी प्या, छान गार असते. बाई, इंदूरची शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नव्हे, दूध-केशर-सुकामेवा, चमचा उभा राहील एवढी दाट. ती पिऊन राजेंद्रनगरपर्यंत पॅडल मारून दाखवा. तिसरा म्हणतो, घरी जाऊन पी. घरी नाना आहेत, वय ब्याऐंशी, सात वाजता हॉलमध्ये रामरक्षा. त्यांच्यासमोर मी कॅन फोडू? गच्चीवर जाऊन प्यावी तर शेजारचे कुळकर्णी काका गच्चीवरच फेऱ्या मारत असतात आणि खाली येऊन नानांना म्हणतात, “चिरंजीव दमलेले दिसले.” आणि मुळात मला घरी प्यायचीच नाही. ऑफिस संपलंय आणि घर सुरू व्हायचंय, त्या मधल्या वीस-पंचवीस मिनिटांची आहे ती.

काल मेव्हण्याला हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “भाऊजी, एक इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन टाका. नंबर प्लेट असते, टोकन मिळेल, बारवाला समोर लावू देईल.” म्हणजे बिअर प्यायला जाता यावं म्हणून मी मोटार वाहन घ्यायचं. कलम १८५ वालं.