आज्याची वर्दी

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर काल पोलंडचा नेता डोनाल्ड टस्क, त्याचा विषय निघाला आणि तो काढला तात्यानं. म्हणजे बोलणं कुळावर जाणार हे ठरलेलंच. तात्याला नवा माणूस भेटला की आधी गाव, मग आडनाव, मग "आजोबा काय करायचे?"

"त्यो टस्क," मिशीवरचा फेस पुसत तात्या म्हणाला, "त्येचा आजा हिटलरच्या फौजेत हुता. रक्त बोलतंच लेका."

मास्तरनं ग्लास खाली ठेवला. "कधी हुता?"

"लढाईत!"

"लढाई सहा वर्षं चालली, तात्या. त्याचा आजा युझेफ टस्क डान्झिगचा, म्हणजे आताच्या ग्दान्स्कचा, रेल्वेतला माणूस. जर्मनांनी त्याला आधी छळछावणीत घातला. श्टुटहोफ, मग नॉयनगामे. १९४४च्या ऑगस्टात सक्तीनं भरती केला, आणि नोव्हेंबरात तो पश्चिमेकडच्या पोलिश फौजेत. तीन-चार महिन्यांची वर्दी, ती पण अंगात कोंबलेली. तेवढीच तुला दिसली?"

"पण मूळचा जर्मनच न्हवं?" पप्यानं विचारलं.

"काशुबियन. तिकडच्या समुद्राकाठचे लोक, भाषा त्यांची त्यांची. जर्मन म्हणतात हे पोलिश, पोलिश म्हणतात हे जर्मन."

"म्हंजे बेळगावकर."

पप्या महिन्यातून एकदा असं बोलतो.

तात्या सोडतोय होय! "मग २००५च्या निवडणुकीत टस्कच्या माणसांनी आधी न्हाई म्हणून का सांगितलं? कागद निघाल्यावर गप झाली."

"टस्क म्हणाला, मला ठाऊक नव्हतं," मास्तर पुटपुटला आणि लगेच पुढं सरकला. टस्क शिकलेला इतिहास, गाव ग्दान्स्क, आणि घरचीच गोष्ट माहीत नाही! इथं मास्तरला धरायला हवं होतं, पण तात्याला ते सुचत नाही.

"आता हे ऐक. तो आजा उकरला कुर्स्कीनं, टस्कच्या विरोधातल्या काचिन्स्की बंधूंच्या पक्षातल्या. म्हणाला, आपण होऊन भरती झाला. पक्षानं त्याला काढला."

"बघ! शिस्त हाय."

"आणि परत घेतला. पहिल्या फेरीत टस्क पुढं होता, दुसरीत लेख काचिन्स्की ५४ टक्के घेऊन राष्ट्राध्यक्ष. आता ह्याच कुर्स्कीच्या सख्ख्या भावानं २०२२ साली पुस्तक काढलं, आमच्या आईचं मूळ ज्यू, घरात लपवून ठेवलेलं. दुसऱ्याच्या परड्यात खणायला गेला, आणि हाडं निघाली घरच्या न्हाणीत."

"आई काढू नको हं कुणाची," तात्या म्हणाला. आजा चालतो.

"२०२३च्या डिसेंबरात टस्क परत पंतप्रधान झाला. त्या दिवशी दुसरा काचिन्स्की, लेखचा जुळा भाऊ यारोस्वाफ, भर संसदेत उठून काय म्हणाला? तुमचे आजोबा कोण होते मला माहीत नाही, पण तुम्ही जर्मन एजंट आहात. अठरा वर्षं झाली, आजा अजून मानेवरनं उतरंना."

"तात्याच्या सोसायटीच्या निवडणुकीसारखं," पप्या म्हणाला. आम्ही सगळे दुधात बघायला लागलो. त्या निवडणुकीत तात्या अकरा मतांनी पडला होता, आणि विरोधी पार्टीचा सगळा प्रचार तात्याच्या आजोबांवर होता.

"माझ्या आज्याचं काढू नका!" तात्या उसळला. "लढाईच्या वक्ताला वळिवड्याच्या छावणीत पोलंडची पाच हजार निर्वासित माणसं हुती. बायका, पोरं. त्यास्नी दूध आमच्या आज्यानं घातलंय. मोदी गेल्ते न्हवं वॉर्साला, तिथल्या कोल्हापूरच्या स्मारकावर फुलं वाहिली, त्यात आमचा वाटा हाय!"

दहा वर्षांपूर्वी हा आजा छावणीच्या रस्त्यानं फक्त सायकलवरून जायचा. मग पाव विकायला लागला. दूध अलीकडचं.

"किती वर्षं घातलं?" मास्तर.

"त्रेचाळीस ते अठ्ठेचाळीस. रोज शंभर लिटर."

"म्हशी किती हुत्या?"

तात्या जरा थांबला. "दोन."

शेजारी गवळी म्हैस पिळत होता. धार न थांबवता म्हणाला, "तवापास्नं आमाला गिऱ्हाइकासमोर पिळाय लागतंय बगा."

पप्याला ठसका लागला, दूध नाकातून आलं. तात्या पैसे न देताच उठला.