सायमन-गारफंकल, मार्टिन कार्थी आणि माझी आजी

आज सकाळी पाश्चात्त्य गीतांच्या एका कार्यक्रमाला गेलो होतो. मुलांनी 'स्कारबरो फेअर' फार सुरेख म्हटले, त्यांच्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. निवेदकांनी मात्र ते 'पॉल सायमन यांची अजरामर रचना' म्हणून सादर केले, आणि मध्यंतरात मी हळूच दुरुस्ती सुचवली तेव्हा हसून म्हणाले, "अहो, लोकगीताला कुठे मालक असतो?"

नसतो, हे मान्य. मग सायमनचे नाव तरी कशाला घेतलेत?

हे गाणे इंग्लंडमधले फार जुने. सायमन आणि आर्ट गारफंकल हे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातले शाळासोबती, पुढे गायकांची जोडी. १९६४ साली त्यांचा पहिला अल्बम पडला, जोडी फुटली आणि सायमन गिटार घेऊन इंग्लंडमधल्या लोकसंगीत क्लबांत गाऊ लागला. तिथे मार्टिन कार्थी या गायकाकडून तो हे गाणे शिकला. गिटारवर बोटांनी छेडलेली ती सुरावट, जिच्यामुळे गाणे ऐकताच ओळखू येते, तिची मूळ बांधणी कार्थींची. पुन्हा जुळलेल्या जोडीने हे गाणे १९६६ च्या अल्बममध्ये घेतले, त्यावर कार्थींचे नाव कुठेही नव्हते. त्याच वर्षाच्या सुरुवातीला आलेल्या अल्बमवर गिटारवादक डेव्ही ग्रॅहमची 'अँजी' ही रचना घेताना ती दुसऱ्याची असल्याचे मात्र छापले होते. म्हणजे रीत ठाऊक नव्हती, असे म्हणायला जागा नाही. बॉब डिलनही कार्थींकडून शिकून गेला होता, पण १९६३ च्या त्याच्या अल्बमच्या वेष्टनावरील मजकुरात कार्थींचा उल्लेख आहे.

मला हे इतके का लागते, ते सांगतो. माझी आजी, आईची आई, जात्यावर ओव्या रचत असे. काही मंडळी गावी येऊन त्या उतरवून घेऊन गेली. पुढे तालुक्याच्या गावी एका कार्यक्रमात त्याच ओव्या 'पारंपरिक' म्हणून गायल्या गेल्या, आणि आजी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकत होती. मी संतापलो होतो. ती शांतपणे म्हणाली, "चाल बरी धरलीय पोरीनं." आणि थोड्या वेळाने, "पण माझ्या भावाचं नाव का गाळलं?" ओवीत तिने आपल्या भावाचे नाव गुंफले होते. त्या ठिकाणी नुसते 'बंधुराया' आले होते.

आता कोणी म्हणेल की सायमनने ते गाणे घेतले नसते, तर ते आपल्यापर्यंत पोहोचलेच नसते. खरे आहे, आणि त्याच्या सुरावटीत गुंफलेले 'कँटिकल' हे दुसरे गीत ही या दोघांचीच कमाई आहे, हेही खरे. पण पोहोचवणाऱ्याने पाठवणाऱ्याचे नाव खोडायचे नसते.

या जोडीचे 'एल कोन्डोर पासा' हे गाणे घ्या. पॅरिसमध्ये लॉस इंकास या वाद्यवृंदाकडून सायमनने ती धून ऐकली आणि १९७० च्या अल्बमसाठी त्यांच्याच ध्वनिमुद्रणावर आपले शब्द गायले. ती लोकधून आहे, असा त्याचा समज होता. प्रत्यक्षात पेरूचे दानिएल अलोमिआ रोब्लेस यांनी १९१३ साली एका संगीत नाटकासाठी ती रचली होती, आणि ते नाटक होते परदेशी मालकांच्या खाणीत राबणाऱ्या अँडीजमधल्या मजुरांचे! रोब्लेस यांच्या मुलाने दावा लावला, तो सामोपचाराने मिटला. समज प्रामाणिक होता, हे मी मानतो, कारण मुलानेही ते मानले. तरीही ती धून लोकांची आहे असे समजून पुढे जाणे किती सोपे पडते, हे आजीच्या भावाला विचारा.

आणि गंमत अशी की सायमनवर स्वतःवरही हेच गुदरले होते. १९६५ च्या जूनमध्ये कोलंबिया कंपनीचा निर्माता टॉम विल्सन याने या दोघांना न विचारता त्यांच्या 'साउंड ऑफ सायलेन्स' या गाण्याच्या जुन्या ध्वनिमुद्रणावर विद्युत गिटार, बास आणि ड्रम चढवले. त्याच आवृत्तीने १९६६ च्या जानेवारीत अमेरिकेत पहिला क्रमांक गाठला, आणि फुटलेली जोडी पुन्हा एकत्र आली. आज आपण ज्याला त्यांचे फोक-रॉक म्हणतो, त्याचा पाया त्यांच्या अपरोक्ष घातला गेला. त्या कृष्णवर्णीय निर्मात्याचे नाव आजच्या कार्यक्रमात कोणी घेतले? अर्थातच नाही.

लिहिता लिहिता राग जरा उतरला आहे, म्हणून दुसरी बाजूही लिहितो. 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर' या आपल्या गाण्याचे बीज आपल्याला क्लॉड जेटर या गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिगीते) गायकाच्या एका ओळीत मिळाले, हे सायमनने स्वतः सांगितले आहे. २००० साली लंडनमध्ये त्याने कार्थींना मंचावर बोलावले आणि दोघांनी 'स्कारबरो फेअर' एकत्र गायले. कार्थींच्या मनातली अढी तेव्हा सुटली. जवळजवळ पस्तीस वर्षे लागली, पण सुटली. आजीला तसे कोणी बोलावले नाही, आणि आता बोलावून उपयोगही नाही.

ज्यांना सवड असेल त्यांनी लॉस इंकासचे ते नुसते वाद्यवादन आधी ऐकावे आणि मग सायमनच्या आवाजातले गाणे. मला आजही दुसरेच अधिक आवडते, आणि याचा मला फार राग येतो.