शेवळांबरोबरची काकडं फॉरवर्डमध्ये का नसतात?

आषाढ लागला की रानभाज्यांवरचा तो व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड येतोच. यंदा तीन ग्रुपांवर आला, त्यातला एक तर सख्ख्या आत्याकडून. ‘अंगणात आपोआप उगवतं ते सगळं औषध. निसर्ग विष पिकवत नाही. बकरी खाते ते माणसालाही चालतं. भाजी उकळून पाणी फेकू नका, सत्त्व जातं. बाजारची भाजी बंद करा. ज्या घरी घोळ, त्या घरी डॉक्टर नको.’ रानभाज्यांवर माझा जीव आहे, म्हणूनच गप्प बसवत नाही.

निसर्ग विष पिकवत नाही? मग कुंपणाकडेचा धोत्रा कोणी लावला? त्याचं पान किंवा बी पोटात गेलं की तोंडाला कोरड पडते, बाहुल्या विस्फारतात, माणूस बरळायला लागतो. शिजवूनही ते विष जात नाही. धोत्रा निदान ओळखू तरी येतो, खरी फसगत सारख्या दिसणाऱ्यांची. भाजीच्या टाकळ्याच्या एका पानात पर्णिकांच्या, म्हणजे छोट्या पानांच्या, तीन जोड्या, टोकं गोलसर. त्याच्याच शेजारी उगवणाऱ्या कासविंद्याला जोड्या जास्त आणि टोकं अणकुचीदार. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं दरवर्षी एका गूढ आजाराने दगावत होती, तेव्हा डॉक्टरांच्या तपासाचा रोख शेवटी या कासविंद्याच्या बियांवर आला. मुलांनी त्या खेळता खेळता खाल्लेल्या. घोळीचंही तसंच. तिच्यासारखीच जमिनीलगत पसरणारी छोटी नायटी असते. देठ मोडून बघा: घोळीतून पाणी येतं, नायटीतून पांढरा चीक.

बकरीचं म्हणाल तर ती सुबाभळीचा पाला मिटक्या मारत खाते. त्यातलं मिमोसिन हे विषारी द्रव्य तिच्या पोटातले जिवाणू मोडतात. आपल्या पोटाला ती सोय नाही.

आता पाणी न फेकण्याचा सल्ला. या एका ओळीचा मला सगळ्यात जास्त राग येतो. पाण्यात विरघळणारी काही जीवनसत्त्वं जातात, खरं आहे. पण भारंगीचा पाला उकळून पिळल्याशिवाय कडू जहर लागतो, आणि पालेभाज्यांतलं, मुतखड्याला हातभार लावणारं विरघळणारं ऑक्सॅलेट त्याच पाण्याबरोबर बरंचसं निघून जातं. शेवळं या रानभाजीची तर गोष्टच वेगळी. त्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, घशाला खाज सुटते ती त्यांच्यामुळे. पावसाच्या तोंडावर ठाणे स्टेशनबाहेर बसणाऱ्या मावशीकडून शेवळांचा वाटा घ्या, ती न विचारता मूठभर हिरवी काकडं, म्हणजे खाज मारणारी आंबट रानफळं, पिशवीत टाकते. मी एकदा हसून म्हटलं, ‘ही नकोत, चिंच आहे घरी.’ तिने वर न बघता विचारलं, ‘भरपूर हाय ना? नायतर रातभर घसा खाजवत बसशीला.’ ती काकडं म्हणजे पिढ्यान्पिढ्या घसे खाजवून मिळवलेली अक्कल आहे. फॉरवर्ड करणारा शेवळं तेवढी उचलतो, काकडं मावशीच्या टोपलीत ठेवून येतो.

बाजारची भाजी बंद करायला आधी अंगण तर धड हवं. आमच्या सोसायटीत जूनमध्ये तणनाशक मारतात. पार्किंगच्या कडेचा माठ लुसलुशीत दिसतो खरा, पण तिथे रोज सकाळी कुणाकुणाचे कुत्रे पाय वर करतात तेही मी बघते. गटाराकाठच्या अळूबद्दल तर बोलायलाच नको.

राहिला डॉक्टर. घोळ गुणी आहेच, पालेभाज्यांत क्वचित सापडणारं ओमेगा-३ तिच्यात चांगलं असतं. पण ऑक्सॅलेटही भरपूर, तेव्हा मुतखडा झालेल्याने डॉक्टरांना विचारूनच ताट वाढून घ्यावं. रक्त पातळ करायची वॉरफेरिनची गोळी चालू असेल तर पालेभाज्या एकदम वाढवूही नयेत, कारण त्यांतलं के जीवनसत्त्व गोळीच्या विरुद्ध काम करतं. घोळ ताकात करायची आपल्याकडची रीत मात्र शहाणी आहे. ताकातलं कॅल्शियम ऑक्सॅलेटला धरून ठेवतं, मग ते अंगात कमी भिनतं. आमच्याकडे आज तीच आहे, कुंडीतली घोळ, बेसन लावलेलं ताक आणि वरून लसणाची चुरचुरीत फोडणी. आत्यालाही डबा पाठवलाय.