नळीला चिमटा लावून गावाला? अजिबात नाही

गणपतीला कोकणात निघायच्या तोंडावर व्हीलचेअरवाल्यांसाठी ‘प्रवासाच्या पाच युक्त्या’ असा एक मेसेज फिरतोय. काल तो मावशीकडे पोचला आणि तिने लगेच मुलाचं पाणी तोडलं. युक्त्या अशा: आदल्या रात्रीपासून पाणी बंद, कॅथेटरला (लघवीच्या नळीला) चिमटा लावून ठेवा, लघवीची पिशवी मांडीवर घ्या, निघताना अँटिबायोटिकची एक गोळी घ्या आणि सगळ्यावर उपाय म्हणजे डायपर.

आधी तो चिमटा. फोली कॅथेटर, म्हणजे टोकाच्या फुग्यामुळे मूत्राशयात टिकून राहणारी नळी, घालतात तेच मुळी लघवी आत साठू नये म्हणून. वडखळला गाडी अडकली की चार तास कुठे जातात कळत नाही. तेवढ्यात मूत्राशय तुडुंब भरतं आणि बऱ्याच जणांना त्याची जाणीवच नसते. मग लघवी नळीच्या कडेने गळते, नाहीतर उलटी मूत्रपिंडाकडे चढते. मज्जारज्जूची दुखापत टी-6 (छातीच्या मागचा सहावा मणका) किंवा त्याच्या वरची असेल तर रक्तदाब एकाएकी उसळतो. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात: डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, दुखापतीच्या वरच्या भागाला घाम फुटतो. जीवावर बेतू शकतं. अशा माणसाचा एरवीचा वरचा आकडाच 90 ते 110 असतो, त्यामुळे मशिनवर 135 दिसलं की घरचे ‘ठीक आहे’ म्हणून मोकळे होतात. ठीक नसतं.

काय करायचं, हे अमेरिकेतल्या कन्सॉर्टियम फॉर स्पायनल कॉर्ड मेडिसिनच्या 2001 च्या मार्गदर्शिकेत क्रमाने दिलंय. आडवं करू नका, ताठ बसवा, पाय खाली सोडा. कमरेचा आणि लेग बॅगचा (पायाला बांधलेल्या लघवीच्या पिशवीचा) पट्टा सैल करा. मग नळी पिळलीय का, दुमडलीय का, ते पाहा. वाहत नसेल तर कोमट सलाईन थोडंसं, हळूच सोडा; तरीही नाही वाहिली तर नळी बदलायची. वरचा रक्तदाब 150 च्या खाली येत नसेल तर औषध लागतं, जवळचं हॉस्पिटल गाठा. नळी मांडीखाली नुसती दबली तरी एवढं होऊ शकतं, आणि हा मेसेज ती मुद्दाम बंद करायला सांगतो!

पाण्याच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य. निघताना दोन कप चहा नको, पाणीही एकदम ढोसू नका, घोट-घोट घ्या. पण बंद केलंत तर लघवी दाट होते, गाळ धरतो, नळी तुंबते आणि गाडी पुन्हा वरच्याच संकटावर येते. मावशी, एवढं वाचलंस तर त्याला पाणी दे.

जे दर वेळी नळी घालून लघवी काढतात त्यांनी 4 ते 6 तासांचं अंतर मोडू नये. एका वेळी 500 मिलीच्या आत निघाली पाहिजे. त्यासाठी ढाब्यावरच्या पायरीच्या, अरुंद दाराच्या संडासात जायची गरज नाही. गाडी कडेला घ्या, काचेला पडदा लावा, हात साफ करा, जेली लावा आणि नेलॅटनचं (दर वेळी घालून काढायच्या साध्या नळीचं) रुंद टोक यूरोबॅगला, म्हणजे लघवीच्या पिशवीला, जोडूनच नळी आत सरकवा. लघवी थेट पिशवीत जाते. नळ्या हिशेबाच्या दुप्पट घ्या आणि हाताशी ठेवा, डिकीतल्या बॅगेत नको.

पिशवी मांडीवर म्हणजे मूत्राशयाच्या वर, म्हणजे लघवी उलटी. ती पोटरीला बांधा, अर्धी भरली की रिकामी करा. खुर्चीतून गाडीत उचलताना आधी पिशवी खुर्चीपासून सोडवा. नाहीतर माणूस सीटवर, पिशवी खुर्चीला, आणि मधल्या मधे फुगा ओढला जाऊन रक्त.

अँटिबायोटिक? ताप नाही, थंडी नाही, तर नाही. नुसती गढूळ लघवी हे कारण होत नाही.

डायपर सोबत जरूर असू द्या. पण डायपर मूत्राशय रिकामं करत नाही, आणि ओल्या डायपरवर आठ तास बसलात तर बेडसोअरची सुरुवात तिथेच होते.