तुला इथून काय घेऊन जायचंय?

गेल्या आठवड्यात आमच्या प्लांटच्या कँटीनमध्ये नवा बोर्ड लागला. सचोटी, ग्राहक प्रथम, मालकीची भावना, परस्पर आदर, सतत सुधारणा. ठसठशीत अक्षरं, मागे कंपनीचा निळा रंग. बोर्ड सरळ लागतोय ना हे बघायला मी तिथेच उभी होते. खाली पहिल्या पाळीची पोरं जेवत होती. भात, आमटी, मटकीची उसळ. एकानेही मान वर करून पाहिलं नाही. मला त्यांचा राग आला नाही. पण त्या रात्री झोपही लागली नाही, म्हणून हे लिहितेय. लांबलंय, सवडीने वाचा.

मी सव्वीस वर्षं एचआरमध्ये आहे, त्यातली बरीचशी पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्यात गेली. कंपनीची मूल्यं आणि माणसाची स्वतःची स्वप्नं यांचा मेळ बसला की माणूस जीव लावून काम करतो, हे मी शिकले, मग दुसऱ्यांना शिकवलं, त्यावर लोणावळ्यात दोन-दोन दिवसांच्या कार्यशाळा घेतल्या. ते खोटं नाही. माझा आजही त्यावर विश्वास आहे. फक्त आपण तो मेळ उलट्या बाजूने घालायला जातो. हे मला एका पोरामुळे कळलं.

गोष्ट आधीच्या कंपनीतली. मराठवाड्यातला पोरगा, आयटीआय फिटर, वय बावीस असेल. पोलीस भरतीची तयारी करत होता. ज्यांच्या घरात कुणी भरतीला उतरलंय त्यांना माहीत आहे, सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक मिळून ५० गुणांचं मैदान असतं आणि त्यात अर्ध्या गुणाने पोरं बाहेर पडतात. रोज पहाटे पळायला लागतं. एकही दिवस चुकवून चालत नाही. आमच्याकडे पाळी दर आठवड्याला बदलायची. तो माझ्या केबिनमध्ये आला, उभ्यानेच बोलला, "मॅडम, तीन महिने सेकंड शिफ्ट फिक्स मिळेल का? सकाळी ग्राउंड होईल. ओव्हरटाइम सांगाल तेवढा करतो."

मी नाही म्हणाले. नियम सगळ्यांना सारखा, एकाला दिलं तर उद्या पन्नास येतील, हे नेहमीचं उत्तर दिलं. वर हेही म्हणाले की मन जर पोलीस खात्यात असेल तर इथल्या कामाला न्याय कसा देणार?

पुढचे सहा आठवडे तो तिसऱ्या पाळीहून सुटला की थेट मैदानावर जायचा. मशीनवर उभ्या उभ्या डुलक्या यायला लागल्या. एका रात्री त्याच्या लॉटमधले भाग सदोष निघून रिजेक्ट झाले आणि मी त्याला मेमो काढला. त्यात मी माझ्या हाताने लिहिलं होतं, "मालकीच्या भावनेचा अभाव." कागद देताना त्याची पिशवी खुर्चीवर होती. त्यात पळायचे बूट. उजव्या बुटाचा तळवा टाचेपाशी उखडलेला, आणि त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून सोल्युशनने चिकटवलेला, कडा अगदी बरोबर गोल घासून. फिटरचा हात होता तो. ज्या पोराला मी कामाची आस्था नाही म्हणून लेखी देत होते, त्याने बुटाची कडासुद्धा मापात आणली होती. पगार झाला त्या दिवशी तो गेला, नोटीस न देता. पुढे भरती झाला का, मला कळलं नाही. मेमोची एक कॉपी माझ्या स्वतःच्या फाइलला राहिली.

त्याच्याकडे मालकीची भावना होती. जे त्याचं होतं त्याच्याबद्दल ती शिगोशीग भरलेली होती. आम्ही त्याला ज्याचा मालक हो म्हणत होतो, त्यातलं काहीच त्याचं नव्हतं.

आता आईबद्दल सांगते, कारण या विषयात मला जे कळतं ते मुळात तिच्याकडून आलंय.

बाबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला कामगार नेते दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. तो संप कसा संपला, खरं तर संपलाच कसा नाही, हे मुंबईतल्या आमच्या पिढीला सांगायला नको. आमच्या घरात तेव्हा आईने लिज्जतचे पापड लाटायला सुरुवात केली. आधी कुणीतरी येऊन खोली बघून गेलं, पापड वाळवायला कोरडी, स्वच्छ जागा आहे का ते. मग सकाळी मळलेलं पीठ डब्यात आणायचं, घरी लाट्या करून लाटायचं, दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड नेऊन द्यायचे, वजन व्हायचं आणि वणाईचे पैसे हातात. वणाई म्हणजे लाटण्याची मजुरी. पालथ्या घातलेल्या बांबूच्या टोपलीवर पापड पसरून ती बसायची आणि एखादा कडेला जाड वाटला तर स्वतःच बाजूला काढायची. ते पापड आम्ही खायचो. कुणी बघत नव्हतं. तिला त्यासाठी कुणी मेमो दिला नव्हता, बोर्डही लावला नव्हता.

लिज्जतची सुरुवात १५ मार्च १९५९ची. गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका, त्यांत जसवंतीबेन पोपट, ८० रुपये उसने घेऊन बसल्या आणि पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. पावसाळा आला तसे पापड वाळेनात, काम चार महिने बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. मला ती खाट कुठल्याही मॅनेजमेंटच्या पुस्तकापेक्षा मोठी वाटते, कारण ती अडचण ज्यांच्या पोटाला बसली होती त्यांनीच ती सोडवली. सुरुवातीला स्वस्तातला आणि चांगला असे दोन प्रकार निघत होते. ज्यांनी ते ८० रुपये उसने दिले त्या छगनबापा पारेखांनी सांगितलं, दर्जा एकच ठेवा, कमी दर्जाचं करूच नका. जसवंतीबेनना २०२१ साली पद्मश्री मिळाली. आज सुमारे ४५ हजार बायका त्यात आहेत. तिथे त्यांना कामगार म्हणत नाहीत, बहीण म्हणतात, आणि प्रत्येक बहीण मालकीण असते. नफा झाला तर सगळ्यांचा, तोटा झाला तरी सगळ्यांचा.

पण आईला हे सगळं कुठे माहीत होतं? तिला काय हवं होतं ते मला पक्कं ठाऊक आहे. आम्हा दोघा भावंडांना एकटं सोडून बाहेर जावं लागू नये, आणि शाळेच्या फीसाठी मामाकडे हात पसरावा लागू नये. दोनच गोष्टी. लिज्जतच्या कामाची सगळी घडीच अशी आहे की या दोन्ही त्यात बसतात. काम घरात होतं, पोरं समोर असतात, पैसा लाटणाऱ्या बाईच्या हातात पडतो, नवऱ्याच्या नाही. स्वावलंबन हे मूल्य तिथे कामाच्या रचनेतच मळून घातलं होतं. दिवसभर लाटून खांदे भरून यायचे, रात्री मी तेल लावून द्यायचे, ते कष्ट मी विसरलेली नाही. पण फीची पावती घेऊन घरी आलेली आई मला अजून दिसते.

लोणावळ्याच्या कार्यशाळेत आम्ही काय करायचो? प्रत्येकाला रंगीत कार्ड द्यायचो. त्यावर स्वतःचं ध्येय लिहा आणि ते आपल्या पाच मूल्यांपैकी कशाशी जुळतं ते शोधा. पोरं हुशार असतात. समोर बसलेल्या मॅनेजरला काय वाचायला आवडेल ते बरोबर ओळखतात. "मला टीम लीडर व्हायचंय", "मला कंपनीसोबत प्रगती करायची आहे". पंचवीस कार्डं, पंचवीस सारखी. गावाकडे बोअर मारायचीय असं कुणी लिहिलं नाही. बहिणीच्या लग्नाचं कर्ज फेडायचंय असं कुणी लिहिलं नाही. पोलीस व्हायचंय असं लिहायची तर सोयच नव्हती. आणि आम्ही ती कार्डं बोर्डावर लावून फोटो काढायचो.

माणसाच्या ध्येयाला कंपनीच्या मापात कापून बसवायचं याला मेळ म्हणत नाहीत. कंपनीला आपली पाळी, आपली रजा, आपला पगार थोडा हलवावा लागतो, तेव्हा मेळ बसायला सुरुवात होते.

काही मित्र म्हणतील, लिज्जतची गोष्ट वेगळी, ती बायकांची स्वतःची संस्था. इथे भागधारक आहेत, गाड्यांच्या कंपनीला वेळेवर माल गेला नाही तर त्यांची लाइन थांबते, दंड बसतो. मान्य. ते दडपण मी रोज बघते. पण अवजड उद्योगातही हे झालेलं आहे. जमशेदपूरला टाटांनी १९१२ साली आठ तासांचा दिवस लागू केला, सरकार कायदा करेल तोवर थांबले नाहीत. गाव वसण्याआधीच, १९०२ साली, जमशेटजींनी मुलाला पत्रात लिहिलं होतं की रस्ते रुंद ठेव, सावलीची झाडं लाव, फुटबॉल-हॉकीला मोठी मैदानं ठेव. पोलादाच्या कारखान्याची जुळवाजुळव चाललेली असताना माणसाला संध्याकाळी काय लागेल याचा विचार तो मालक करत होता.

आणि आमच्याच प्लांटमध्ये एक सुपरवायझर आहेत, रिटायरमेंटला आलेले. त्यांच्याकडे एक दोनशेपानी वही असते, पुठ्ठ्याला घातलेलं कव्हर तेलाने काळं पडलेलं. मी एकदा मागून घेतली. प्रत्येक पोराच्या नावापुढे बारीक अक्षरात नोंदी. "कांदा काढणी, १५ दिवस फर्स्ट." "मुक्त विद्यापीठ पेपर, थर्ड नको." "बायको नववा महिना, रात्री घरी." "डिप्लोमा दुसरं वर्ष, शनिवार सोडणे." कोण कुणाच्या बदली उभा राहिला तेही लिहिलेलं. वरून कुणीही हे करायला सांगितलेलं नाही. रोटेशनचा तक्ता कागदावर जसाच्या तसा, पण आत पोरं एकमेकांची पाळी सांभाळून घेतात. दिवाळीत सगळ्या लाइनींना माणसं कमी पडतात, त्यांच्या लाइनीला मी कधी कंत्राटदाराकडून माणूस मागवलेला आठवत नाही. मी विचारलं, हे कसं जमवता? म्हणाले, "मॅडम, त्याचं अडलेलं मी काढतो, माझं अडलं की तो काढतो. यात जमवायचं काय?"

त्यांची वही वाचताना मला त्या बुटाची आठवण झाली. तो पोरगा त्यांच्या लाइनीवर असता तर तीन महिने सेकंडला राहिला असता. पुढे पोलीस झाला असता आणि आमचा एक चांगला फिटर गेला असता, हेही खरं. पण त्या तीन महिन्यांचं त्याने सोनं केलं असतं. आपल्याकडे कायम टिकणाराच माणूस मनापासून काम करतो, हा आमच्या क्षेत्रातला फार मोठा गैरसमज आहे. जाणाऱ्या माणसाला जायला मदत केली तर तो जाईपर्यंत झोकून देतो, आणि मागे उरलेले ते बघत असतात.

बायकांच्या बाबतीत तर इतकं साधं आहे. ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता यायला हवं, हे २०१७पासून कायद्यातच आहे. ते मनापासून चालवलं तरी किती जणींच्या आयुष्याचा प्रश्न सुटतो.

आणि पगार. त्याबद्दल न बोलता प्रेरणेवर बोलणं मला आता अप्रामाणिक वाटतं. एकाच मशीनवर दोन पोरं, एक परमनंट, एक कंत्राटी, काम तेच, पगारात मोठा फरक, आणि समोर भिंतीवर "परस्पर आदर". तो शब्द त्या दुसऱ्या पोराने कसा वाचायचा? जिथे मेळ बसणार नाही तिथे सरळ सांगावं, की बाबा, सध्या आम्ही तुला एवढंच देऊ शकतो. माणूस ते ऐकून घेतो. मूल्याच्या नावाखाली गुंडाळून सांगितलेलं ऐकून घेत नाही.

मी सहा महिन्यांपासून नवीन रुजू होणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारते, कार्ड न देता, मॅनेजर समोर नसताना, चहा पिता पिता. तुला इथून काय घेऊन जायचंय? पहिल्यांदा गप्प बसतात. मग एकेक बाहेर येतं. सीएनसीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं, सेटिंग शिकून गावी स्वतःचं वर्कशॉप टाकायचंय. बापाच्या नावावरचं सोसायटीचं कर्ज फेडायचंय. आईला एकदा विमानात बसवायचंय. एक पोरगी म्हणाली, मला स्वतःच्या नावावर घराचं भाडं भरायचंय, लग्नाआधी, एक वर्ष तरी.

बुधवारी प्लांट हेडसोबत बैठक आहे. नऊ जणांना तीन महिने ठरावीक पाळी देण्याचा प्रस्ताव घेऊन जातेय, त्यात दोघं पोलीस भरतीवाले आहेत. सुपरवायझरकाकांना सोबत यायला सांगितलंय, वही घेऊन. नियमाचं काय, उद्या पन्नास येतील, हे प्रश्न येणार, कारण ते मी स्वतः विचारलेले आहेत. या वेळी उत्तर देताना तो जुना मेमो मी फाइलमधून काढून टेबलावर ठेवणार आहे.