कांगारूला तरी सोडा!

आज पुन्हा तोच फॉरवर्ड. ऑस्ट्रेलियात पोचलेल्या ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन कुकने विचारलं, हा प्राणी कोणता? तिथला माणूस म्हणाला, कांगारू, म्हणजे 'मला माहीत नाही'. गोऱ्यांनी तेच नाव ठेवलं. खाली हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची ही भली मोठी रांग.

साफ खोटं आहे हे! १७७० मध्ये कुकचं जहाज ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावर दुरुस्तीला थांबलं होतं. तिथल्या गुगू यिमिथिर भाषेत 'गंगुरू' हे एका जातीच्या कांगारूचं नाव आहे. रीतसर नाव. त्या माणसाने बरोबर उत्तर दिलं आणि आपण इतकी वर्षं त्यालाच हसतोय.

मला हे एवढं का झोंबतं? कॉलेजात एकदा मी म्हटलं होतं की इंग्रजीतलं 'मंगूस' म्हणजे आपलं मुंगूसच. सर हसले. "आपण कसले देतोय इंग्रजीला शब्द!" मग वर्गही हसला. अहो, इंग्रजी कोशातच लिहिलंय, मराठीवरून. (मराठीने तो द्राविडी भाषांकडून घेतला असं कोशकार म्हणतात. बरं, मान्य.) त्या शब्दाचा 'गूज' म्हणजे हंसाशी काडीचा संबंध नाही, म्हणून 'गूज'चं 'गीज' होतं तसं याचं अनेकवचन सहसा 'मंगीज' होत नाही. सरांना हे तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तोंडातून शब्द फुटला नाही.

आता दुसरी बाजू. आपलेच लोक 'मदर' मातृवरून चोरला, 'ब्रदर' भ्रातृवरून चोरला म्हणून छाती फुगवतात. अरे, संस्कृत आणि इंग्रजी एकाच मूळ भाषेतून आलेल्या बहिणी आहेत, आई-लेक नव्हेत! उसने घेतलेले खरे शब्द काय कमी आहेत? लूट, ठग, जगन्नाथाच्या रथावरून आलेला 'जगरनॉट', म्हणजे वाटेतलं सगळं चिरडत जाणारी शक्ती. 'शाम्पू' आला हिंदी 'चांपो'वरून, तेव्हा त्याचा अर्थ होता अंग रगडणं. केसांशी त्याचं लग्न फार नंतर लागलं. 'कॅटामरान' ही होडी तमिळ, कट्टु मरम, बांधलेले ओंडके. आणि मोहरमच्या मिरवणुकीतली 'या हसन, या हुसेन' ही हाक गोऱ्या शिपायांच्या कानांनी 'हॉब्सन-जॉब्सन' करून टाकली. १८८६ मध्ये अशा शब्दांचा जाडजूड कोश निघाला, त्याचं नावच ते! याहून गंमतशीर काय रचणार आहात तुम्ही फॉरवर्डवाले?

ठीक आहे, गंमत म्हणून पाठवतात, कुणाचं काही बिघडत नाही. पण सर हसले होते तेही गंमत म्हणूनच.

असो. चिडून झालं. आता सगळ्यात लाडका शब्द सांगते: ऑरेंज. संस्कृतात नारंग, मग फारसी, अरबी, स्पॅनिशमध्ये नारांहा. फ्रेंचांच्या हाती लागेपर्यंत सुरुवातीचा 'न' गळून पडला आणि इंग्रजांनी तो तसाच, न-विना, उचलला. तुमचा लाडका कोणता? कॉमेंटमध्ये लिहा, पण आधी कोश उघडून बघा.