‘तंबूत डास शिरले’ : एक तारा दिलेल्या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय पूर्ण वाचला. तुमचं म्हणणं असं, की भाड्याने दिलेल्या तंबूची जाळी फाटकी होती, आमच्याकडून घेतलेला गॉगल डास पळवायचं औषध लागताच चिकट झाला, आणि ‘मुंबईचे डास डोळ्यांपुढे ठेवून’ आम्ही सल्ला दिल्यामुळे जॉन म्युर ट्रेलवर, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगररांगेतल्या लांब पायवाटेवर, तुमचे हाल झाले. शिवाय अनामतीतून ६०० रुपये कापले, त्याचा राग आहेच. मुलीकडे कॅलिफोर्नियाला जाऊन हा ट्रेल करायचा विचार असलेले बरेच जण आमच्याकडे येतात, त्यांनाही उपयोग व्हावा म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सिएरा नेवाडातला डास आपल्यासारखा नाही, हे तुम्हाला बिल करतानाच सांगितलं होतं. आपल्याकडे कुंडीतलं, टायरमधलं, पिंपातलं पाणी ओतून टाका म्हणून महापालिकेची माणसं दारोदार सांगतात. तिथे ओतणार काय? अंडी आदल्या उन्हाळ्यातच कुरणांच्या ओल्या मातीत पडलेली असतात. ती बर्फाखाली हिवाळा काढतात आणि बर्फ वितळून पाणी साचलं की फुटतात. त्यामुळे बर्फ जसजसं मागे हटतं, तसतसे डास खालून वर सरकत जातात. जूनच्या अखेरीपासून जुलैभर जोर, ऑगस्टच्या मध्यानंतर उतार. बर्फ जास्त पडलं त्या वर्षी सगळंच पुढे जातं. तुमचं परमिट, म्हणजे ट्रेलवर जायची परवानगी, जुलैचं होतं. परमिट मिळेल ती तारीख घ्यावी लागते हे मान्य, पण ती तारीख दुकानाने दिलेली नाही.

आता मुक्कामाच्या जागेबद्दल, कारण खरी गोम तिथेच आहे. साधारण ३४० किलोमीटरच्या या वाटेवर डास सगळीकडे सारखे नसतात. डोनोह्यू, म्युर, फॉरेस्टर या खिंडींवर झाडं नाहीत, वारा मोकळा. फॉरेस्टर तर ४,००९ मीटरवर आहे. डास मुळात संथ उडणारा, बऱ्यापैकी वारा सुटला की त्याला माणूस गाठता येत नाही. त्रास होतो तो दोन खिंडींच्या मधल्या खोलगट भागात, तळ्यांच्या काठी आणि कुरणात. तुम्हीच लिहिलंय की इव्होल्यूशन व्हॅलीत ‘पाण्याला लागून, मस्त हिरवळीवर’ तंबू लावला. सर, जुलैमध्ये तिथे कुठलाही तंबू लावा, चेन उघडून आत शिरेपर्यंत पाच-पन्नास डास तुमच्यासोबत आत येणारच. पाण्यापासून १०० फूट लांब राहा, असं तिथले पार्कवालेही सांगतात. डासांसाठी मी त्याहून लांब म्हणेन: कोरडी, खडकाळ, थोडी उंचावरची जागा.

संध्याकाळचा स्वयंपाक मुक्कामाच्या आधीच, वाऱ्याच्या ठिकाणी उरकायचा, मग तासभर चालून तंबू लावायचा आणि सरळ आत जाऊन झोपायचं, हेही आपण बोललो होतो. यात अस्वलांचाही धोका कमी होतो, कारण खाण्याचा वास मागे राहतो. ‘चालून दमल्यावर कोण पुन्हा चालणार’ असं तुम्ही तेव्हा हसून म्हणालात.

जाळीचं सांगतो. तंबू देताना आम्ही तो गच्चीवर गिऱ्हाइकासमोर उभा करतो, परत आल्यावरही करतो. तुमच्या तंबूच्या जाळीला दाराच्या चेनपाशी चण्याएवढं गोल भोक आहे आणि त्याच्या कडा वितळून कडक झाल्या आहेत. जाळी फाटली की धागे निघतात, अशी आकसत नाही. हे ठिणगीचं काम आहे. अभिप्रायात तुम्हीच लिहिलंय, ‘शेकोटीचा धूर करूनही डास हटले नाहीत.’ ६०० रुपये त्या ठिगळाचे आहेत, ते परत होणार नाहीत. (पुढे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, ट्रेल जिथून जातो त्या योसेमिटी नॅशनल पार्कमध्ये ९,६०० फुटांच्या वर शेकोटीला बंदीच आहे.)

गॉगलचा दोष गॉगलचा नाही. तुम्ही तिकडच्या दुकानातून ९८ टक्के डीटची, म्हणजे अंगाला लावायच्या डासांच्या औषधाची, बाटली घेतलीत. डीट १९४६ साली अमेरिकी सैन्यासाठी तयार झालं, औषध म्हणून चांगलंच, पण ते प्लास्टिक विरघळवतं. चष्मा, घड्याळाची काच, पट्टा, काहीही. आणि टक्के वाढले म्हणून डास जास्त पळत नाहीत, असर फक्त जास्त वेळ टिकतो, तोही साधारण पन्नास टक्क्यांच्या पुढे फारसा वाढत नाही. प्लास्टिकला न खाणारं पिकारिडिन हे दुसरं औषध घ्या, असं आम्ही बिलामागे लिहून दिलं होतं. कपड्यांवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक, तेही लिहिलं होतं. ते कपड्यांवरच मारायचं, अंगाला लावायचं नाही.

तुम्ही घातलेल्या धावण्याच्या घट्ट लेगिंगमधून डास सहज चावतो. आम्ही दाखवलेली सैल, दाट विणीची पँट महाग म्हणून तुम्ही ठेवून गेलात. तो तुमचा निर्णय, त्यावर वाद नाही. डोक्यावरची जाळी काळी का, असंही विचारलंय. कपडे गडद असले तर डास येतात, हे खरं. पण पांढऱ्या जाळीवर ऊन चमकतं आणि समोरचं नीट दिसत नाही. खिंड उतरताना पाय कुठे पडतोय हे दिसलेलं बरं. जाळीखाली रुंद कडांची टोपी हवी, नाहीतर जाळी गालाला चिकटते आणि डास बाहेरूनच काम करतो.

तंबू जड होता, याबद्दल एवढंच, की जाळी नसलेला हलका टार्प, म्हणजे वर ताणायचं नुसतं कापड, मागितला असतात तर सप्टेंबरसाठी आनंदाने दिला असता. जुलैसाठी मी तो कुणालाच देत नाही, मग गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं तरी चालेल.

भोकाची जाळी कापून ठेवली आहे. बघायची असेल तर दुकानात या, सोमवारी बंद असतं.